बोगनवेलीचे नाव

दिल्लीत फाल्गुन सरू लागला की सरकारी वसाहतींची कुंपणे ओळखू येईनाशी होतात. वर्षभर धुळीने माखलेली आणि जाता-येता सदऱ्यात काटे अडकविणारी झुडपे चार दिवसांत किरमिजी, नारिंगी आणि पांढऱ्या रंगांनी अशी झाकून जातात की त्यांचे पान दृष्टीस पडू नये. बोगनवेल आम्हां परप्रांतात नोकरी करणाऱ्या मंडळींना फारशी परकी वाटत नाही. ती पुण्यास असते, नागपुरास असते, इंदूर-बडोद्यास असते, आणि येथेही असते. ती मूळची आपली नव्हे, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

माझ्याही आले नव्हते. गेल्या चैत्रात माझ्या मुलीस शाळेतून एक फूल आणून, त्याचे भाग सुटे करून वहीत चिकटविण्यास आणि त्यांची नावे लिहिण्यास सांगण्यात आले होते. तिने हाताशी आलेली बोगनवेल तोडून आणली. पुस्तकातील आकृतीशी ती एकेक भाग ताडून पाहू लागली आणि पहिल्याच पायरीवर अडली. "बाबा, यातले फूल कोणते?" असे तिने विचारले. मी हातातील झुबका उलटसुलट करून पाहिला. मलाही सांगता येईना. उत्तर शोधण्यासाठी मी वनस्पतिशास्त्राची पुस्तके उघडली, आणि तेथून निघालेली वाट मला इतिहासाच्या दारात घेऊन गेली. त्या वाटेवर जे आढळले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

शास्त्राच्या दृष्टीने बोगनवेल ही वनस्पतींची एक लहानशी प्रजाती आहे. तिच्यात सोळा ते अठरा जाती मानतात, आणि त्या साऱ्या दक्षिण अमेरिकेतल्या. जगभरच्या बागांतून दिसणारे शेकडो वाण मुख्यतः तीनच जातींपासून व त्यांच्या संकरांपासून निपजले आहेत: 'स्पेक्टॅबिलिस', 'ग्लाब्रा' आणि 'पेरुव्हियाना'. पहिल्या जातीचे पान लवदार असते, दुसरीचे जवळजवळ गुळगुळीत. 'ग्लाब्रा' या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी केशहीन असा आहे. पाने साधी, एकाआड एक, टोकाकडे निमुळती. पानाच्या बगलेत काटा असतो आणि तो म्हणजे रूपांतर पावलेली फांदी होय. आपण तिला वेल म्हणतो खरे, परंतु वेलीची मुख्य लक्षणे तिच्यात नाहीत. काकडी-दोडक्याच्या वेलींना असतात तसे ताणे तिला नसतात, आणि आधाराभोवती ती वेढेही घेत नाही. आपल्या लांब, लवचिक फांद्या शेजारच्या झाडावर टेकवून आणि काट्यांनी अडकवून घेऊन ती वर चढते. आधार न मिळाल्यास स्वतःच्याच अंगावर रेलून ती झुडूप होऊन राहते. म्हणून शास्त्रज्ञ तिला चढते झुडूप म्हणतात.

आता फुलाचा प्रश्न. ज्यास आपण बोगनवेलीचे फूल म्हणतो ती वस्तुतः तीन रंगीत पाने होत. फुलाच्या बुडाशी असणाऱ्या अशा पानांस शास्त्रात 'छद' अशी संज्ञा आहे. यांपैकी प्रत्येक छदाच्या मधल्या शिरेला एक बारीक नळी चिकटलेली असते आणि नळीच्या तोंडाशी पाच पाळ्यांची, फिकट पांढरी, चांदणीसारखी एक आकृती उमललेली असते. खरे फूल ते हेच. त्यास पाकळ्या नाहीतच. ती नळी आणि ती चांदणी हे निदलांचे काम आहे. नळीच्या आत कमीअधिक लांबीचे सात-आठ केसर आणि एक बीज धरणारा किंजपुट एवढा संसार असतो. फुलाचा बहर ओसरला तरी छद लगेच गळून पडत नाही. तो पातळ कागदासारखा वाळतो, आणि फळ पिकले म्हणजे त्यास घेऊन वाऱ्यावर निघून जातो. हा शेवटचा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा; पुढे त्याचे काम पडेल.

बोगनवेलीच्या कुळातील दोन वनस्पती आपल्या चांगल्या परिचयाच्या आहेत. एक अंगणातील गुलबक्षी आणि दुसरी रस्त्याच्या कडेला पसरणारी, वैद्यांना प्रिय असलेली पुनर्नवा. गुलबक्षीचे रंगीत नसराळे हेही पाकळ्यांचे नसून निदलांचे असते, आणि त्याच्या बुडाशी जी हिरवी वाटी दिसते ती छदांची असते. म्हणजे या कुळात पाकळ्यांची जागा पिढ्यान् पिढ्या रिकामी आहे, आणि त्या जागेचे काम कधी निदलांनी तर कधी छदांनी पाहावे अशी वहिवाट आहे. कचेरीच्या भाषेत ज्यास 'स्थानापन्न' म्हणतात तशातला हा प्रकार. रंगाची गोष्टही अशीच वेगळी आहे. जास्वंदीचा लाल किंवा गोकर्णीचा निळा रंग ज्या द्रव्यवर्गामुळे येतो तो बोगनवेलीत नाही. तिचा रंग बीट, लाल माठ आणि निवडुंग यांच्या रंगद्रव्यांच्या वर्गात मोडतो.

फुलाचे कोडे येथे सुटले. परंतु पुस्तकाच्या त्याच पानावर एका फ्रेंच दर्यावर्दीचे नाव होते, आणि त्या नावाने दुसरे कोडे घातले.

१७६३ साली युरोपातील सप्तवार्षिक युद्ध संपले तेव्हा फ्रान्सच्या हातून कॅनडा गेलेला होता, आणि हिंदुस्थानात राज्य स्थापण्याची त्याची आशाही मावळली होती. कॅनडातील लढ्यात सेनापती माँकाल्मच्या हाताखाली लढलेला लुई आंत्वान द बूगाँव्हील हा तरुण अधिकारी गणिताचा व्यासंगी होता. कलनशास्त्रावर त्याने ग्रंथ लिहिला होता. गेलेल्या प्रदेशांची भरपाई नव्या समुद्रांत शोधावी या विचाराने त्याने दक्षिण अटलांटिकमधील फॉकलंड बेटांवर १७६४ साली वसाहत स्थापन केली. स्पेनने तीवर हक्क सांगितला. तेव्हा ती वसाहत रीतसर स्पेनच्या हवाली करावी आणि तेथून पुढे प्रशांत महासागर ओलांडून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, अशी कामगिरी राजाने त्याच्यावर सोपविली. दोन जहाजे ठरली: 'बूदूझ' म्हणजे रुसलेली, आणि 'एत्वाल' म्हणजे तारका. 'बूदूझ' १७६६ च्या अखेरीस निघाले. रसद आणि सामान घेऊन 'एत्वाल' दुसऱ्या वर्षाच्या आरंभी निघाले.

या मोहिमेबरोबर राजाचा वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून फिलिबेर कोमेर्सों याची नेमणूक झाली. तो वैद्य होता, आणि लिनीयसशी त्याचा पत्रव्यवहार होता. वनस्पतींच्या नादाने त्याने आयुष्यात दुसरे काही पाहिले नाही असे म्हटले तरी चालेल. नेमणुकीच्या अटींत त्यास सरकारी खर्चाने एक नोकर नेण्याची मुभा होती. तो नोकर जहाज सुटण्याच्या थोडे आधी धक्क्यावर आला आणि आपले नाव त्याने झाँ बारे असे सांगितले. वस्तुतः ती झान बारे नावाची स्त्री होती. फ्रेंच भाषेत पुरुषाचे झाँ आणि स्त्रीचे झान या दोन नावांत शेवटच्या अनुनासिकाएवढेच अंतर आहे.

झान बारेचा जन्म १७४० साली बर्गंडी प्रांतातील ला कोमेल या खेड्यात झाला. कोमेर्सोंची पत्नी १७६२ साली वारल्यानंतर ती त्याचे घर सांभाळू लागली, आणि तो पॅरिसला गेला तेव्हा त्याच्याबरोबर गेली. त्या दोघांचे नाते केवळ मालक-नोकराचे नव्हते, हे पुढील हकिगतीवरून स्पष्ट आहे. प्रवासास निघण्यापूर्वी डिसेंबर १७६६ मध्ये कोमेर्सोंने मृत्युपत्र केले. त्यात घरकाम करणारी म्हणून तिचा उल्लेख करून त्याने तिच्या नावे सहाशे लिव्हर, राहिलेला पगार आणि पॅरिसच्या बिऱ्हाडातील सामान लिहून ठेवले. फ्रेंच आरमाराच्या जहाजावर स्त्रीस मज्जाव होता. त्यामुळे छातीस पट्टे बांधून आणि ढगळ कपडे घालून ती पुरुषवेषाने चढली. कोमेर्सोंच्या उपकरणांचा पसारा मोठा असल्याने 'एत्वाल'च्या कप्तानाने आपली खोली त्यास दिली होती. त्या आडोशामुळे हे सोंग काही काळ निभावले.

जून १७६७ मध्ये दोन्ही जहाजांची गाठ रिओ द जानेरोच्या बंदरात पडली. त्या वेळी शहरात वातावरण तंग होते. 'एत्वाल'वरील धर्मोपदेशकाचा किनाऱ्यावर खून झाला होता. कोमेर्सोंच्या पायास जखम होऊन ती चिघळली होती, आणि बरे होईपर्यंत जहाज सोडू नये अशी त्यास ताकीद होती. असे असताही रिओच्या परिसरातून वनस्पतींचे नमुने जहाजावर आले. त्यांत किरमिजी छदांची ती काटेरी वनस्पती होती. कोमेर्सोंने तिचे वर्णन लिहिले आणि आपल्या सेनानीचे नाव तिला दिले.

तो नमुना प्रत्यक्ष कोणी तोडला? 'अमुक दिवशी अमक्याने तोडला' अशी नोंद नाही. काही अभ्यासकांचा तर्क असा की ज्याचा पाय चालत नव्हता त्याने नव्हे, तर जिचे पाय चालत होते तिने तो आणला असावा. तर्काचे ओझे तर्काएवढेच मानावे. परंतु त्याआधी माँतेव्हिदिओच्या माळांवर आणि त्यानंतर मॅगेलनच्या सामुद्रधुनीतील बर्फाळ, खडकाळ किनाऱ्यांवर अन्न, बंदुका आणि वनस्पती दाबून ठेवण्याची बाडे पाठीवर घेऊन कोण हिंडत होते याविषयी शंका नाही. तसे खुद्द बूगाँव्हीलने लिहून ठेवले आहे. ती इतके ओझे वाही की कोमेर्सों तिला आपले ओझ्याचे जनावर म्हणे, हेही त्यातूनच समजते. त्यास ती थट्टा वाटली असेल. आज मात्र तो शब्द वाचताना आपण किंचित थांबतो.

एप्रिल १७६८ मध्ये जहाजे ताहितीस लागली. तेथील लोकांनी बारेस पाहताक्षणी स्त्री म्हणून ओळखले, असे बूगाँव्हील सांगतो. जहाजावरील दुसऱ्या काही जणांच्या रोजनिशीत हे रहस्य निराळ्या ठिकाणी आणि अधिक क्रूरपणे उघडकीस आल्याची हकिगत आहे. बूगाँव्हीलने तिची जबानी घेतली. तिने डोळ्यांत पाणी आणून आपण स्त्री असल्याचे कबूल केले, आणि पृथ्वीप्रदक्षिणेचे नाव ऐकून आपले कुतूहल जागे झाले असेही सांगितले. कायद्याने तिला व कोमेर्सोंला शिक्षा होऊ शकत होती. बूगाँव्हीलने ती देवविली नाही, आणि १७७१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासग्रंथात तिची हकिगत न लपविता, आदराने सांगितली.

१७६८ च्या अखेरीस जहाजे मॉरिशसला पोहोचली. त्या काळी ते बेट फ्रेंचांचे होते, आणि तेथील कारभारी प्येर प्वाव्र हा मसाल्यांच्या झाडांचा मोठा शोधक असून कोमेर्सोंचा स्नेही होता. कोमेर्सों आणि बारे तेथेच उतरले. बूगाँव्हील पुढे जाऊन मार्च १७६९ मध्ये फ्रान्सला पोहोचला. (याच पोर्ट लुईच्या बंदरात पुढे एकोणिसाव्या शतकात आपल्या कोकणातील मजूर गिरमिटावर उतरले; त्यांचे वंशज तेथे आजही मराठी म्हणून ओळखले जातात.) मॉरिशस, मादागास्कर आणि रेयुनियाँ या बेटांवरून कोमेर्सोंने हजारो नमुने जमविले. त्याची प्रकृती मात्र खालावत गेली, आणि मार्च १७७३ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, तो मॉरिशसमध्ये निवर्तला. त्यानंतर थोड्याच दिवसांत पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्यास आपला सभासद निवडले. मृत्यूची वार्ता तिकडे पोहोचली नव्हती.

कोमेर्सों बारेस विसरला होता असे नाही. मादागास्करमधील एका झुडपास त्याने 'बारेतिया' असे नाव दिले होते. काळसर तुकतुकीत पाने आणि पांढरी फुले असलेले हे झुडूप आपल्या कडुनिंबाच्या कुळातील आहे. परंतु त्याचे कागद पॅरिसला पोहोचण्यापूर्वीच त्या प्रजातीची 'तुर्रेया' या नावाने नोंद होऊन गेली होती, आणि वनस्पतींच्या नावांत आधीची नोंद तीच खरी धरतात. आवक क्रमांकाचे महत्त्व आम्हा कारकुनांस कोणी समजावून सांगावयास नको. बारेतिया हे नाव त्या क्रमांकावर गेले.

झान बारेने पुढे पोर्ट लुईमध्ये एक खानावळवजा गुत्ता चालविला. १७७४ साली तिने झाँ द्यूबेर्ना नावाच्या सैनिकाशी विवाह केला आणि १७७५ च्या सुमारास ती फ्रान्सला परतली. त्या दिवशी पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारी पहिली स्त्री बंदरात उतरली. स्वागतास कोणी आल्याची नोंद नाही. कोमेर्सोंच्या मृत्युपत्रातील रक्कम तिला पुढे मिळाली. १७८५ साली आरमार खात्याने तिला वर्षाला दोनशे लिव्हरचे निवृत्तिवेतन मंजूर केले आणि त्या कागदावर तिच्या धैर्याची व सद्वर्तनाची वाखाणणी केली. ज्या खात्याच्या जहाजावर चढण्यास तिला मनाई होती त्याच खात्याचे हे वेतन होते. १८०७ साली ती वारली.

आता त्या किरमिजी झुडपाच्या नावाकडे वळू. वनस्पतींच्या प्रजातींस व्यक्तींची नावे द्यावीत की काय याविषयी लिनीयसने नियम घालून दिले होते. वनस्पतिशास्त्राची सेवा करणाऱ्यांचे स्मरण असे राखावे, परंतु इतर विद्यांत नाव मिळविलेल्यांच्या स्मरणासाठी किंवा कोणाची मर्जी संपादन करण्यासाठी प्रजातींची नावे खर्ची घालू नयेत, असा त्याचा दंडक होता. शास्त्राच्या आश्रयदात्यांपुरता मात्र त्याने अपवाद ठेवला होता. बूगाँव्हील वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हता. तो आश्रयदाता होता की काय, हे ज्याने त्याने ठरवावे. कोमेर्सोंचे हस्तलिखित वर्णन आंत्वान लोराँ द झ्यूसिय याने आपल्या प्रजातींवरील ग्रंथात समाविष्ट केले. हा ग्रंथ १७८९ साली, म्हणजे बास्तियचा तुरुंग पडला त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. त्यात नावाची वर्णरचना काहीशी चुकीची होती. पुढे दीडशे वर्षे निरनिराळे ग्रंथकार ती निरनिराळ्या प्रकारे लिहीत राहिले, आणि विसाव्या शतकात कोठे दर्यावर्दीच्या मूळ आडनावाशी जुळणारे रूप कायम झाले.

हे सर्व होत असताना ही वनस्पती निनावी होती असे समजण्याचे कारण नाही. ब्राझीलमध्ये तिला 'प्रिमाव्हेरा' म्हणजे वसंत, आणि 'त्रेस मारियाज' म्हणजे तीन मारिया असे म्हणतात. हे दुसरे नाव ज्याने प्रथम उच्चारले त्याने शास्त्र न शिकता त्या झुबक्यातील तीन छद आणि तीन फुले नीट मोजली होती. आपल्या पुनर्नवेच्या नावासारखेच हे नाव वनस्पतीकडे पाहून सुचलेले आहे. उन्हाळ्यात वाळून गेलेली मुळे पावसाबरोबर पुन्हा नवी होतात म्हणून ती पुनर्नवा.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्स आणि इंग्लंडमधील रोपवाटिकांनी बोगनवेल वाढविली, आणि तेथून ती उष्ण प्रदेशांतील वसाहतींत पसरली. हिंदुस्थानात ती १८६० च्या सुमारास कलकत्त्यास आली असे उद्यानशास्त्राचे जाणकार सांगतात. येथील कोरडा उन्हाळा तिला मानवला. पाण्याचा थोडा ताण पडला म्हणजे ती पाने आवरते आणि छद फुलविते. दिवस लहान होऊ लागले म्हणजेही तिला बहर येतो.

येथे आल्यावर कप्तानाच्या नावाचे काय झाले ते मोठे मौजेचे आहे. फ्रेंच 'व्हील' या अक्षरांचा अर्थ नगर. मराठी माणसाच्या कानाला त्या जागी 'वेल' ऐकू आली, आणि बूगाँव्हीलची बोगनवेल झाली. उत्तरेकडील माळ्यांच्या तोंडी ती 'बेगमबेलिया' झाली, म्हणजे दर्यावर्दीची बेगम झाली. बंगालीत ती 'बागानबिलास' म्हणजे बागेचा विलास झाली. हे नाव रवींद्रनाथांनी दिले असे सांगतात. तमिळ आणि मलयाळम भाषिकांनी परक्या नावाची खटपटच केली नाही. त्यांनी सरळ 'कागदाचे फूल' असे म्हटले. मराठी नावापुरते बोलायचे तर 'बोगन' ही कप्तानाच्या नावाची मोडतोड आहे, आणि 'वेल' म्हणावे तर ती वेल नव्हे. तरीही हे नाव जिभेवर असे बसले आहे की ते कोणा माणसाचे असेल अशी शंकाही येत नाही. नेपोलियनने ज्यास सरदारकी दिली आणि जो मृत्यूनंतर पॅरिसच्या पाँतेओंमध्ये विसावला, त्याचे स्मारक आमच्या कुंपणावर आहे, आणि आम्हांला त्याची खबर नाही.

स्वातंत्र्यानंतर या वनस्पतीच्या नावांचा कारभार दिल्लीकडे आला. बिहारमधील पुसा या गावी १९०५ साली स्थापन झालेली आणि १९३४ च्या भूकंपानंतर दिल्लीस हलविलेली कृषि अनुसंधान संस्था आपल्या जुन्या गावाच्याच नावाने ओळखली जाते. १९५० ते १९६५ या काळात तिचे संचालक डॉ. बेंजामिन पिअरी पाल हे होते. गव्हावरील तांबेऱ्यास दाद न देणारे वाण निर्माण करणारे हे शास्त्रज्ञ गुलाब आणि बोगनवेल यांचेही मोठे जाणकार होते. एकोणीसशे साठीच्या दशकात बोगनवेलीच्या नव्या वाणांची आंतरराष्ट्रीय नोंदणी करण्याचे काम या संस्थेकडे सोपविण्यात आले. रिओच्या किनाऱ्यावर तोडलेल्या झुडपाच्या लेकरांची नावे पुसाच्या नोंदवहीत चढू लागली.

लागवडीतील अनेक वाणांना बी क्वचितच धरते. ती छाट कलमाने किंवा गुटी कलमाने वाढवितात. एखाद्या फांदीवर आपोआप निराळा रंग उमटला तर ती फांदी कलम करून नवा वाण सिद्ध होतो. 'मेरी पामर' या वाणावर पांढरे आणि किरमिजी छद एकाच झाडावर, कधी एकाच झुबक्यात दिसतात. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संस्थेत तयार झालेल्या संकरांत 'बेगम सिकंदर' आणि 'वाजिद अली शाह' ही नावे आहेत. या नामावळीत एका नावाने माझे लक्ष वेधले. १९१० च्या सुमारास कोलंबियातील कार्ताहेना येथील एका बागेत मिसेस बट नावाच्या बाईंना तांबड्या छदांची बोगनवेल दिसली आणि त्यांनी ती त्रिनिदादला नेली. तो वाण 'मिसेस बट' याच नावाने जगभर गेला. १९४४ साली शास्त्रज्ञांनी त्या गटास 'बट्टियाना' हे शास्त्रीय नाव दिले, आणि तो 'ग्लाब्रा' व 'पेरुव्हियाना' यांचा संकर असल्याचे पुढे ठरले. झाड वाहून नेणाऱ्या स्त्रीचे नाव झाडास मिळाल्याचे हे उदाहरण. मात्र तेही तिच्या पतीचे आडनाव होय.

झान बारेच्या नावाची नोंद व्हावयास २०१२ साल उजाडले. वांगे आणि बटाटा यांच्या सोलॅनम प्रजातीतील, दक्षिण एक्वादोर व उत्तर पेरू येथे आढळणाऱ्या एका नव्या जातीस तीन अभ्यासकांनी 'सोलॅनम बारेतिये' असे नाव दिले. 'बारेतिया' हे नाव प्रजातीच्या रकान्यात हुकले होते. ते जातीच्या रकान्यात चढले. मधल्या काळात दोनशे एकोणचाळीस वर्षे गेली, असे कोमेर्सोंच्या मृत्यूपासून मोजले असता दिसते.

एवढे वाचून झाल्यावर प्रथम मला बूगाँव्हीलचा रागच आला होता. टिपण एकाने लिहावे, संदर्भ दुसऱ्याने शोधून आणावेत आणि खाली सही तिसऱ्याची असावी, हा प्रकार कोणत्याही कचेरीत नवा नाही. त्यामुळे माझी सहानुभूती कोणत्या बाजूस गेली असेल हे सांगावयास नको. परंतु त्या झुबक्याकडे पुन्हा पाहिले तेव्हा तो राग पुरता टिकेना. छद फूल नव्हे हे खरे. पण फुलाकडे नजर ओढणारा तोच असतो, आणि अखेरीस फळास वाऱ्यावर घेऊन जाणाराही तोच. बूगाँव्हीलच्या जहाजाशिवाय ते नमुने समुद्र ओलांडते ना. त्याहून महत्त्वाचे असे की, आपल्या ग्रंथात त्याने ती काही पाने लिहिली नसती तर झान बारेचे नाव आपणांपर्यंत पोहोचण्याचा मुख्य मार्गच बंद झाला असता. ज्याच्या नावाने तिचे श्रम झाकले गेले, त्याच्याच लेखणीने ते जपलेही आहेत. दोष द्यावयाचाच तर तो आपल्या पाहण्यास द्यावा. रंगावर समाधान मानून आपण परत फिरतो. त्याच्या आत एक बारीक पांढरी चांदणी आहे हे पाहण्यासाठी वाकावे लागते, आणि वाकताना काटेही लागतात.

बोगनवेलीचे नाव बदलावे असे मी मुळीच म्हणणार नाही. मराठीने ते आधीच बदलून आपले करून घेतले आहे. मुलीस मात्र मी ही सारी गोष्ट सांगितली. तिने छद, निदलांची नळी, केसर आणि किंजपुट असे भाग वहीत चिकटवून त्यांची नावे लिहिली, आणि सगळ्यांत खाली आपल्या मनाने पाचवे नाव लिहिले: झान बारे. वही तपासून आली तेव्हा त्या नावाखाली लाल रेघ होती आणि समासात शेरा होता, "हा फुलाचा भाग नव्हे." शेरा नियमानुसार अचूक आहे, त्यावर अपील करता येण्याजोगे काही मला सापडलेले नाही.